तिन्ही टीमच्या याद्या

माझं अक्षर चांगलं होतं, तेच माझ्या भावाला नडलं.

नव्वदच्या दशकात सिंदीच्या एका कापूस व्यापाऱ्याला फुटबॉलचं वेड लागलं. शेठजींनी आधी सिंदीची टीम घेतली, मग सेलूची, मग अल्लीपूरची. गावं तीन, मालक एक. आम्ही पोट्टे खूश; बाप्पा, पायात पहिल्यांदा खरे बूट आले होते! मी सिंदीचा गोलकीपर. टूर्नामेंटआधी तिन्ही टीमच्या याद्याही मीच लिहायचो. एका यादीत नाव गेलं की त्या टूर्नामेंटात दुसऱ्या टीमकडून खेळता येत नसे.

धाकटा भाऊ डाव्या पायाचा. भाऊ आहे म्हणून सांगत नाही, बॉल त्याचं ऐकायचा. पण सिंदीत त्याच्या जागेवर शेठजी नागपूरहून तयार खेळाडू आणत आणि याला कधी सेलूला धाडत, कधी अल्लीपूरला. एक कोच म्हणे पुढे राहा, दुसरा म्हणे मागे थांब. "शिकून राह्यला तो," शेठजी म्हणत. डोंबल शिकत होता! पोरगा स्वतःचा खेळच विसरायला लागला होता.

एका वर्षी हिंगणघाटच्या सामन्यांना नागपूरचे निवडकर्ते येणार होते. भावाचे डोळे त्यांच्याकडेच लागले होते. शेठजी मला म्हणाले, "त्याचं नाव अल्लीपुरात टाक." मला बरंच वाटलं. सिंदीत बाहेर बसण्यापेक्षा तिकडून पूर्ण सामना तरी खेळेल. मी वळणदार अक्षरात त्याचं नाव लिहिलं. त्याला विचारलं नाही.

पहिले दोन सामने अल्लीपूरला त्यानंच जिंकून दिले. सेमीफायनलला समोर आलो आम्ही, सिंदीवाले, आणि निवडकर्ते नेमके त्याच दिवशी आले. सामन्याआधी शेठजी अल्लीपूरच्या कोचशी काहीतरी बोलले आणि भावाला बाहेर बसवलं. घरच्याच छोट्या टीमनं मोठीला हरवलेलं त्यांना चालणार नव्हतं. तो बूट बांधून शेवटपर्यंत तयार बसला होता. गोलमधून मला सगळं दिसत होतं. मी तोंड उघडलं नाही. आम्ही जिंकलो. निवडकर्त्यांनी आमच्यातला एक खेळाडू निवडला आणि ते गेले.

परतताना एसटीत त्यानं विचारलं, "दादा, तुले माईत होतं काय?"

"नाई बे, आईशप्पथ."

"मंग नाव लिवताना मले काऊन नाई इचारलं?"

त्यानंतर तो मैदानावर गेला नाही. पुढच्या हंगामात शेठजींनी अल्लीपूरची टीम बंद केली, तेही त्याला मीच सांगितलं. "बरं," एवढंच म्हणाला.

आता त्याचं सेलूत दुकान आहे. मध्यंतरी गेलो तेव्हा गल्ल्यापाशी त्याच्या पोरीच्या शाळेचा फॉर्म पडला होता, फुटबॉलच्या टीमचा. इतक्या वर्षांची सवय. मी खिशातून पेन काढलं आणि फॉर्म पुढे ओढला. त्यानं माझ्या हाताखालून तो हळूच काढून घेतला. आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

"राहू दे दादा. तिले इचारून मी लिवतो," तो म्हणाला आणि पोरीला हाक मारायला आत गेला.