शाळेच्या अंगणातली टोकण

शाळा पडावी म्हणून मी रामलिंगाला नारळ बोलले होते. तेव्हा मी दुसरीत होते. येडशीजवळच्या आमच्या गावात शाळा म्हणजे मारुतीच्या देवळाची पडवी, एक गुरुजी आणि त्यांच्या हातातली निरगुडीची छडी. तेराचा पाढा मला काही केल्या सरकायचा नाही. तेरा सत्ते म्हटलं की मी जी थांबायचे ती अडेल बैलासारखी. गुरुजी म्हणायचे, "पुढं?" पुढं छडी असायची. म्हणून एका सोमवारी रामलिंगाच्या देवळात आईच्या पदराआड उभं राहून मी हात जोडले, देवा, शाळा पडू दे, तुला नारळ देते. नारळाला पैसे कुठून आणणार, हा विचार त्या शहाणीच्या डोक्यात आला नाही. शाळा देवळात भरते, म्हणजे शाळा पडायची तर देऊळच पडणार, हेही नाही. एका देवाला दुसऱ्या देवाचं घर पाडायला सांगून ती पोरगी मजेत रेवड्या खात घरी आली.

देवानं ऐकलं, पण लई उशिरा. मी आजी झाले, कोरोना आला, आणि सगळ्या मुलखातल्या शाळांना कुलपं लागली. मी मनात म्हटलं, एवढं मोठं मागितलं नव्हतं रे बाबा.

माझं सासर जळकोटच्या पुढं, हायवे सोडून आत. जिल्हा परिषदेची शाळा आमच्या घरासमोरच. ती बंद झाली तेव्हा माझी नात चौथीत होती. पाचवी तिनं न बघताच पास केली. शिकवणी फोनवर यायची, आणि घरातला एकुलता एक बरा फोन माझा मुलगा खिशात घालून रानात जायचा. सुरुवातीला पोरीनं दंगा केला, मग रडली, मग गप झाली. ते गप होणंच मला बरं वाटेना. आमच्या तीन शेळ्या घेऊन ती बांधावर जायची आणि तिथं त्यांची हजेरी घ्यायची. मी स्वतः ऐकलंय. शेळीचं नाव घ्यायची, थांबायची, शेळी बोलली नाही की स्वतःच म्हणायची, "हजर बाई." एकदा मी तिला दुकानाची पाटी वाचायला सांगितली. जोडाक्षर आलं तशी ती थांबली. तेरा सत्तेवर मी थांबायचे ना, अगदी तशीच.

दुसऱ्या वर्षी सोयाबीनची रास घरात आली आणि शाळेतल्या मोठ्या बाईंनी पालकांची सभा बोलावली. शाळा उघडायची परवानगी मिळणार होती, पण अटी होत्या. मास्क, हात धुणं, सगळ्या मास्तरांनी लस घेतलेली, मुलं लांब लांब बसवलेली, आणि प्रत्येक पालकाची संमती. मी सभेत उठून म्हटलं, "अटीबिटी राहू द्या, एवढे दिस शाळा बंद ठेवलीच कशाला?" बाई शांतपणे म्हणाल्या, "उघडते आज्जी. आधी व्हरांड्यातली तुमची म्हैस तेवढी सोडा." अख्खी सभा हसली. म्हैस आमचीच होती. शेजारी भुसकटाचा ढीग होता, तोही आमचाच.

पण खरी अडचण माझ्या घरात होती. सून संमती द्यायला तयार नव्हती. तिचे वडील त्याच उन्हाळ्यात धाराशिवला दवाखान्यात नेले ते परत आलेच नाहीत. तोंडही बघायला मिळालं नाही. त्यात मला दमा. ती मला म्हणाली, "आत्या, पोरगी शाळंतून रोग घेऊन आली, अन् तुमाला काय झालं, तर मी कुणाला तोंड दाखवू?"

"माझं काय घेऊन बसलीस? माझी निम्मी लाकडं मसणात गेली."

"जाऊ द्या की. निम्मी हायत न्हवं घरात, ती मला पायजेत."

आता अशा बाईशी भांडायचं तरी कसं? शेवटी तिनं दोन गोष्टी सांगितल्या. आत्यांनी सुई घ्यायची, आणि पोरं खरोखर लांब लांब बसलेली ती स्वतःच्या डोळ्यांनी बघणार. त्याशिवाय सही नाही. नात दाराआड उभी राहून ऐकत होती. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला पदर सावरायचं निमित्त करावं लागलं.

सुईची आणि माझी ओळख जुनी. लहानपणी गावात देवी टोचणारा माणूस आला की मी गायब व्हायचे. एकदा मी रिकाम्या कणगीत जाऊन बसले. ज्वारी साठवायची ती भलीमोठी तुराट्यांची टोपली, शेणानं सारवलेली. वाटलं, आता ब्रह्मदेव आला तरी सापडत नाही. तो टोचणारा नेमका आमच्याच घरी चहाला बसला, आणि टेकला तोही कणगीलाच. आत जुन्या ज्वारीचा फुफाटा, नाकात कडुनिंबाचा पाला. त्याचा चहा काही संपेना. मी नाक दाबलं, तोंड दाबलं, आणि शेवटी अशी शिंकले की त्याच्या हातातली बशी पडली. वडिलांनी मला पायाला धरून बाहेर काढलं. टोचल्यावर मी एवढी बोंबलले की वेशीजवळच्या बायका विचारपूस करायला आल्या. त्याची गोल खूण दंडावर अजून आहे.

या खेपेला कणगी नव्हती. आता घरोघर पत्र्याच्या कोठ्या, आणि त्यांच्या तोंडातून मी आत जाईन असं अंग राहिलेलं नाही. उपकेंद्रात सिस्टरनं विचारलं, "आज्जी, भ्या वाटतंय का?" मी म्हटलं, "छट्!" आणि सुनेचा हात असा आवळला की तिची बांगडी फुटली. ती नुसती तोंडाला पदर लावून हसली. बऱ्याच महिन्यांनी हसली. दुसरी सुई पुढं कधीतरी होणार होती, पण पहिली अट तिथंच फिटली.

आता दुसरी. शाळेच्या खोल्या तीन, त्यातल्या एकीचा पत्रा वादळात उडालेला. म्हणून बाईंनी ठरवलं, कडुलिंबाखालच्या अंगणात मोकळ्या हवेत वर्ग भरवायचे. जागा आखायला त्यांनी आम्हा बायकांना बोलावलं. कारण आमच्याकडं दोरी होती. तूर टोकायची दोरी. टोकण करताना रानात ही दोरी आडवी ताणतात, तिला ठरावीक अंतरावर चिंध्या बांधलेल्या असतात, आणि चिंधी असेल तिथं बी मातीत दाबायचं. बाईंनी टेपनं मोजून चिंध्या लांब लांब बांधून दिल्या आणि सांगितलं, "चिंधी तिथं चुन्याची खूण. पोरं जास्त हायत, सगळी मावायची न्हाईत. मावतील तेवढी बसवू, बाकीच्यांचं उद्या बघू." एवढं बोलून त्या एसटी पकडायला गेल्या.

आम्ही आठ-दहा जणी होतो. दोघींनी दोरी ताणली, बाकीच्या चुन्याची घमेली काखेत घेऊन वाकल्या. रानातल्यासारख्याच गप्पा सुरू झाल्या. कुणाच्या लेकीला स्थळ आलंय, कुणाच्या बोअरला पाणी लागलं. दीड वर्ष आम्ही एकमेकींना नुसत्या कुंपणावरून बघत होतो. हात चालत होते. दिवस मावळायच्या आत अंगण भरून गेलं. मी कमरेवर हात ठेवून बघितलं तर सगळ्या पोरांना पुरून दोन खुणा उरत होत्या. मी म्हटलं, "बाई म्हणत होत्या मावायची न्हाईत. बघा, मावली का न्हाई?" आम्ही आमच्यावरच खूष होऊन घरी गेलो.

सकाळी पोरांना नुसतं बसवून बघायचं होतं. केंद्रप्रमुख साहेब पाहणीला येणार होते, त्यांनी होकार दिला की दुसऱ्या दिवसापासून शाळा. पोरं आली. मास्कमुळं कोण कुणाचं ते कळेना, उंच झालेली पोरं तर मुळीच ओळखू येईनात. प्रत्येक जण पळत जाऊन एकेका खुणेवर बसला. नात लिंबाच्या बुडाशी बसली. सून फाटकातच उभी राहिली, आत आली नाही.

साहेब मोटारसायकलवरून उतरले, अंगणाकडं बघितलं, आणि बाईंना म्हणाले, "मॅडम, रांगांमधलं अंतर एकदम बरोबर आहे. पण ही सगळी जोडीजोडीनं का बसलीत?"

मी बघितलं. बाईंनी बघितलं. लिंबाखाली प्रत्येक जागेवर दोन दोन पोरं, मांडीला मांडी लावून. आणि दोन जोड्यांच्या मध्ये मात्र बैलगाडी जाईल एवढी जागा.

"मी एकेक खूण सांगितली होती," बाई हळूच म्हणाल्या.

आम्ही बायका एकमेकींकडं बघायला लागलो. कुणी एकीनं केलं म्हणावं, तर तसं नव्हतं. सगळ्यांनी केलं होतं. प्रत्येक चिंधीखाली दोन चिमटी चुना, मध्ये वीतभर जागा. कुणालाच ते खटकलं नव्हतं.

फाटकातून सुनेचा आवाज आला, "चल गं घरी." पोर जागची हलली नाही. तिनं दोन्ही हातांनी बसल्या जागचं गवत धरलं. सुई घेतली, म्हैस सोडली, भुसकट उचललं, आणि माझ्याच हातानं पोरीची शाळा घालवली.

सून तिला न्यायला आत आली. चार पावलं चालली आणि थांबली. खाली चुन्याकडं बघितलं, मग त्या लांबलचक रांगांकडं, मग माझ्याकडं. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे.

"आत्या," ती म्हणाली, "तुमी टोकण केली व्हय!"

आणि हसत हसत खालीच बसली. तेव्हा कुठं आमच्या डोक्यात उजेड पडला. टोकताना एका जागी बिया दोन टाकायच्या, एक नाही उगवली तर दुसरी असावी. जन्मभर वाकून तेच केलेले हात, हातात चुना आहे का तूर हे त्यांनी बघितलंच नाही. सगळ्या बायका खो खो हसायला लागल्या. साहेबही हसले. म्हणाले, "आमच्या आईला सांगितलं असतं तर तिनंही हेच केलं असतं."

"मग आता विरळणी करायची, दुसरं काय," सून पदर खोचत म्हणाली. विरळणी म्हणजे दोन्ही रोपं उगवली तर एक ठेवून दुसरं काढणं. ते ऐकून पुढच्या रांगेतला एक बारका भोकाड पसरून रडायला लागला. "मला उपटू नका!"

"उपटून टाकत न्हाईत रे," बाई त्याला म्हणाल्या, "दुपारच्या रानात लावू." आणि साहेबांकडं वळून म्हणाल्या, "दोन सत्रं केली तर? एका जागेला दोघं, एक सकाळी, एक दुपारी. मी दोन्ही वेळा शिकवीन." साहेब म्हणाले, "आदेशात तशी सोय आहेच. करा."

विरळणी सुनेनंच केली. तिच्यासारखा हात आमच्या गावात दुसरीचा नाही. रांगेतून चालत जायची, दोघांकडं बघायची, एकाच्या डोक्याच्या वर हात धरून म्हणायची, "तू दुपारी." तो उठून लिंबापलीकडं जायचा. तिच्या मागं जागा मोकळी होत गेली. एक पोर, मग लांबवर दुसरं. ते ती डोळ्यांनी बघत होती. जसजशी पुढं गेली तसतशी तिची चाल सैल पडत गेली.

शेवटी ती लिंबाच्या बुडाशी पोचली. तिथं आमची काडीसारखी पोर, आणि शेजारी सरपंचांच्या घरची गुटगुटीत पोरगी. विरळणीत दणकट रोप ठेवायचं असतं. सून उभी राहिली. पोरीनं गवत अजून सोडलं नव्हतं, ती आईकडं वर बघत होती, मास्कवर नुसते डोळे. सुनेनं तिच्या कपाळावरचे केस मागं सारले. मग तिनं दुसऱ्या पोरीकडं वळून म्हटलं, "बाळा, तू दुपारी ये. ही राहू दे सकाळची."

कागदावरची सही तिनं संध्याकाळी केली. पण मला विचाराल तर ती लिंबाखालीच झाली.

दुसऱ्या दिवशी शाळा भरली. मी ओसरीवर निवडायला तूरडाळ घेऊन बसले, म्हणजे कान तिकडंच. बाईंनी हजेरी सुरू केली. नातीचं नाव आलं आणि "हजर बाई!" अशी आरोळी आली की गोठ्यातल्या तिन्ही शेळ्या एकदम ओरडल्या. अख्खी शाळा हसली. त्यात सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं ते मला न बघता कळलं.

जोडाक्षरं तिला लगेच आली असं नाही. दिवाळीपर्यंत ती अडत होती. मी शेजारी बसायचे, ती थांबली की मी "पुढं?" म्हणायचे, छडी न घेता. एकदा उलट तिनं मलाच विचारलं, "आज्जी, तेरा सत्ते?" मी म्हैस पान्हवायला निघून गेले.

त्याच महिन्यात मी सुनेला घेऊन येडशीला उतरले आणि रामलिंगाला नारळ फोडला.

"कशाचा नवस, आत्या?" तिनं विचारलं.

"शाळा पडावी म्हणून बोलले होते, दुसरीत असताना."

ती बघतच राहिली. "अन् फोडताय शाळा उघडल्यावर?"

"मग? आधी फोडला असता तर देवाला वाटलं असतं, हिला अजून बंदच पायजे."