लिटरात न मावलेल्या सहाशे भाकरी

१६ फेब्रुवारी, रविवार. रक्कम एकवीस हजार रुपये, नव्या छोट्या एसयूव्हीचे बुकिंग म्हणून. हजर माणसे: मी, माझी बायको, कॉलेजात शिकणारी आमची मुलगी, माझा मेहुणा आणि शोरूममधला विक्रेता. पावती माझ्या नावाने झाली. पेढ्यांचा पुडा मेहुण्याने आणला होता आणि त्यातला पहिला पेढाही त्यानेच खाल्ला.

गाडी वाईट होती असे मी म्हणणार नाही. पण मला हवी होती ती वेगळीच होती, आणि ती माझ्या ऐपतीत कुठे मिळत नव्हती. पुढे चार माणसांची बंद केबिन, मागे साडेचार फुटांचा उघडा हौदा, लांबी आमच्या गल्लीत वळेल एवढीच, किंमत दहा लाखांच्या आत. मी एका अनुदानित शाळेत मुख्य लिपिक आहे. तीन वर्षे ज्या ज्या शोरूममध्ये गेलो तिथे मी हे माप सांगितले आणि उत्तर ऐकून परत आलो. चार माणसे आणि हौदा दोन्ही हवे असतील तर पंचवीस लाखांच्या घरातली आडदांड गाडी घ्या. ती आमच्या गल्लीत शिरलीच तर उलटी बाहेर काढावी लागेल. स्वस्तात हौदा हवा तर दोन सीटची मालवाहू गाडी घ्या. मधले काही नाही.

त्या दिवशीही मी विचारलेच.

"सर, फॅमिलीला हौदा कशाला?" विक्रेता म्हणाला.

"भाकरीला," मी म्हणालो.

तो हसला. मी चेष्टा करतोय असे त्याला वाटले.

माझ्या बायकोचा कडक भाकरीचा व्यवसाय आहे. तिचे माहेर मंगळवेढ्याकडचे, ज्वारी तिकडचीच येते. सकाळी आठ ते एक आमच्या मागच्या खोलीत आठ बायका भाकरी थापतात. भाजलेली भाकरी मंद आचेवर पुन्हा पापडासारखी कडक करायची; मग ती महिनाभर टिकते, पण धक्का लागला की मोडते. जानेवारीत माढ्याच्या एका घाऊक व्यापाऱ्याने दर सोमवारी आणि गुरुवारी सहाशे भाकरी मागितल्या. अट एकच, शंभरात पाचपेक्षा जास्त मोडक्या निघाल्या तर सगळा माल परत. आमची खोकी भाड्याच्या टेम्पोतून जायची आणि टेम्पोवाला त्यांच्यावर दुसऱ्या गिऱ्हाइकाची पोती टाकायचा. दोन खेपा परत आल्या. व्यापाऱ्याने मार्चअखेरपर्यंत मुदत दिली. या ऑर्डरच्या भरवशावर तिने पाच बायकांच्या आठ केल्या होत्या. ऑर्डर गेली तर तिघींना घरी बसवावे लागणार होते. ती हे बोलून दाखवत नव्हती. पण माढ्याहून फोन आला की पिठाच्या हातानेच उचलायची.

म्हणून गाडी घ्यायची ठरली, आणि हौद्याची मिळत नाही म्हणून एसयूव्ही. ती पुरेल हे मी आकडेमोड करून ठरवले होते. माहितीपत्रकात डिकी ३२८ लिटरची. शंभर भाकरींचे खोके मी पट्टीने मोजले: बावीस इंच लांब, अकरा रुंद, अकरा उंच, म्हणजे साधारण ४४ लिटर. भागाकार साडेसातच्या आसपास आला. सात खोकी बसतात, आपल्याला सहा लागतात. दोनदा तपासून मी खाली रेघ मारली आणि कागद तिच्यापुढे ठेवला.

तिने तो वाचला. "अवो, लिटर दुधाला असतंय. भाकरी वतून न्यायची हाय का?"

"माप हे माप असतं."

"असूं दे. उरलेलं पैसं भरायच्या आदी खोकी ठिवून बगू."

२३ तारखेला, पुढच्या रविवारी, आम्ही चालवून बघण्याच्या निमित्ताने शोरूमला गेलो, ते दोन रिक्षांत सहा भरलेली खोकी घेऊन. मेहुणा मोटारसायकलवर मागून आला. विक्रेत्याने खोक्यांकडे पाहिले आणि मग माझ्याकडे.

"मॅडम, आत नवीन कार्पेट आहे."

"पिठाचा कण सांडला तर मी पुशीन. उगडा तेवडी डिकी."

खाली तीन खोकी शेजारीशेजारी बसली. वर चौथे कसेबसे. पाचवे ठेवले आणि दार लागेना. मागची काच तिरकी उतरते, ती खोक्यावर टेकत होती. दोन्ही बाजूंना चाकांचे फुगवटे, तिथे वीतभर जागा मोकळी, पण त्या जागेत एक भाकरीसुद्धा सपाट राहणार नाही. माझ्या ३२८ लिटरांत हे सगळे कोनाडे धरलेले होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बेरजा तपासल्या, आणि गोल भाकरी पाण्यासारखी कोपऱ्यात शिरत नाही एवढे माझ्या लक्षात आले नव्हते.

"उबं करा की खोकं," मेहुणा म्हणाला. "उबं केलं की बसतंय बगा, दाजी."

"तू ऱ्हा उबा तितं," बायको म्हणाली. "काटावर उबी केलेली भाकरी पयल्या खड्ड्यात मोडती."

"मग चुरा इकायचा. आमटीत कुस्करूनच खात्यात की लोकं."

"तुज्या दुकानात ठिवते. इक."

मग तिने मागची सीट पाडायला सांगितली. सहाही खोकी सुखाने बसली. ती पुढे येऊन बसली, मी स्टिअरिंगवर. मुलगी आणि मेहुणा बाहेर काचेशी उभे. तिने मागे वळून खोकी पाहिली, बाहेरच्या दोघांना पाहिले.

"आता सांगा, ही किती मान्सांची गाडी झाली?"

"दोन."

"आन् किंमत?"

"दहा लाख सत्याऐंशी हजार."

तिला पहिल्यापासून मालवाहू गाडीच घ्यायची होती; तीही दोनच माणसांची होती आणि तिची किंमत जवळपास निम्मी होती. शिवाय मंगळवेढ्याहून ज्वारीची आठ पोती आणायला तिला कार्पेटवाल्याचे तोंड बघावे लागणार नव्हते.

घरी आल्यावर तिने मालवाहू गाडीच घ्यायची असे सांगितले, आणि मग सगळे बोलले. मुलगी म्हणाली, "बाबा, कॉलेजच्या गेटवर मी टेम्पोतून उतरणार नाही, आत्ताच सांगून ठेवते."

"तुला कोन बसवतंय?" तिची आई म्हणाली. "तितं भाकरीची जागा हाय."

मेहुण्याने पाय पोटाशी घेतले. "दाजी, पिवळी पाटी दारात! शाळेतली मानसं म्हनतील, हेडक्लार्कनं टेम्पो टाकला."

खरे सांगायचे तर हे मलाही डाचत होते. पिवळी पाटी म्हणजे भाड्याची, धंद्याची गाडी. सतरा वर्षे मी शाळेत स्कूटरवर जातो आणि कधीतरी चारचाकी दारात लागेल तेव्हा ती पांढऱ्या पाटीची असेल असे मनात धरून होतो.

"त्येंनी न्हाय टाकला," बायको म्हणाली. "मी टाकनार हाय. माज्या नावानं, माज्या खात्यातनं."

"आन् चालवनार कोन?"

"मी."

कपाटातून तिने तिचे लायसन काढून भावापुढे ठेवले. पाच वर्षांपूर्वी बायकांसाठी गाडी शिकवण्याचा एक वर्ग निघाला होता. मी साडेतीन हजार भरले होते आणि पुढे ते वाया गेले असे मनात धरले होते. वर्ग संपल्यावरही ती दर महिन्याला माहेरी गेली की चुलतभावाचा टेम्पो चालवत होती, हे मला त्या दिवशी कळले. मेहुण्याला ठाऊक होते. म्हणूनच बहुतेक त्याने लायसन न बघताच परत सरकवले. एवढेच म्हणाला, "आन् माजं पेढं?"

बुकिंग रद्द केले. एकवीस हजार आठवड्याने पूर्ण परत आले.

मालवाहू गाडीच्या विक्रेत्याने एक चांगली गोष्ट केली. तुमचा माल भरून एक खेप करून बघा, मग पैसे द्या, म्हणाला. ६ मार्च, गुरुवार. हौद्यात तिने जुन्या सतरंज्यांच्या दोन घड्या अंथरल्या, त्यावर सहा खोकी एका थरात, वर ताडपत्री, दोरी स्वतः आवळली. केबिनमध्ये ती आणि विक्रेत्याचा माणूस. मला जागाच नव्हती. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी स्कूटरवरून मागे निघालो.

मोहोळच्या पुढे रस्ता उखडलेला आहे. प्रत्येक खड्ड्याआधी तिचे मागचे दिवे लागत होते, गाडी हळू होत होती, एक चाक उतरत होते, मग दुसरे. मागचे ट्रक हॉर्न मारून मारून निघून जात होते. तिने एकदाही वेग वाढवला नाही. मी स्कूटरवर धूळ खात होतो आणि मला मोठ्याने कोणाला तरी सांगावेसे वाटत होते की ही पुढची गाडी माझी बायको चालवतेय.

माढ्याला व्यापाऱ्याने स्वतः खोकी उघडली. मोजणी पाऊण तास चालली. सहाशेत एकोणीस मोडक्या. मी तोंडी हिशेब केला: शंभरात तीन आणि थोडे वर. व्यापाऱ्याने वहीत तसे लिहिले आणि माझ्या धुळीच्या शर्टाकडे पाहून म्हणाला, "सायेब, हात लई बसलाय की तुमचा."

"माझा नाही," मी म्हणालो. "मी मागून आलो."

त्याने वळून तिच्याकडे पाहिले. ती सतरंज्या झटकत होती. "सोमवारपासनं पक्कं, वैनी," तो म्हणाला. "आठवड्याला दोन न्हाय, तीन खेपा जमत्याल का?"

"आट बायका हायत्या माज्याकडं," ती म्हणाली. "जमत्याल."

मला हवी होती तशी गाडी अजून कोणी काढलेली नाही. नवे शोरूम दिसले की मी आत जाऊन विचारतो आणि नाही ऐकून येतो. आम्ही तिघे कुठे जायचे तर एसटीने जातो. पिवळी पाटी दारात असते. शाळेतल्या एका शिक्षकाने टेम्पो कोणाचा म्हणून विचारले, तेव्हा मी तिचे नाव सांगितले, आणि त्यांनी विचारले नव्हते तरी मोडक्या भाकरींचा आकडाही सांगितला.

११ मार्च, मंगळवार. मालवाहू गाडीच्या विक्रेत्याला एकूण पाच लाख त्र्याऐंशी हजार चारशे रुपये दिले. त्यातले दोन लाख दहा हजार माझ्या बायकोच्या भाकरीच्या खात्यातून, चेकने, सही तिची. उरलेले तीन लाख त्र्याहत्तर हजार चारशे बँकेने तिच्या नावच्या कर्जातून थेट विक्रेत्याला दिले. जामीनदार म्हणून सही मी केली.