उपरणं सुटलं तेव्हा

परवा शहाडला, सासरच्या गणपतीसमोर, ऐन पूजेत मला चक्क झोप लागली.

हसू नका. उन्हाळ्यात माझ्या नवऱ्याचं, मंदारचं, आतड्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून त्याच्या पोटावर स्टोमा आहे, म्हणजे आतड्याचं तोंड बाहेर काढलंय आणि त्यावर पिशवी चिकटवलेली असते. शौच त्यातच.

ती दिवसातून कितीदा तरी रिकामी करायची, थोड्या दिवसांनी नवी चिकटवायची. रात्री सुटली तर चादरीसकट सगळं धुवायला... आणि सकाळी ऑफिस.

हॉस्पिटलमधून निघतानाच मंदारने बजावलं होतं, "पिशवीचं आईला कळता कामा नये हां. कुणालाच नाही." त्यामुळे सगळ्यांना फक्त ऑपरेशन माहीत. सासूबाई आमच्याकडे घोडबंदरला येते म्हणाल्या की मी कधी लिफ्ट बंद पाडायचे, कधी पाणी घालवायचे. लोक विचारायचे, मंदार कसा आहे? मी म्हणायचे, मस्त!

मी कशी आहे, हे कुणी विचारायचं नाही. विचारलं असतं तरी सांगता कुठे येणार होतं...

पूजा मात्र टळेना. सासरे गेल्यापासून गणपतीची प्रतिष्ठापना थोरला म्हणून मंदारच करतो, आणि तीही सोवळं नेसून, उघड्या अंगावर फक्त उपरणं घेऊन. यंदा धाकट्याला बसव म्हणाला, तर सासूबाई फोनवर म्हणाल्या, "का रे? बरा आहेस ना आता?" संपला विषय.

मग मी डोकं चालवलं. पिशवी दबू नये अशी सोवळ्याची गाठ मारली आणि वरून उपरणं सेफ्टी पिनने टाचून टाकलं. आरशात तर काहीच दिसत नव्हतं.

पूजा सुरू झाली. जोडीने बसतात तशी मी त्याच्या हाताला हात लावून बसले होते. अगरबत्तीचा वास, गुरुजींचा एका सुरातला आवाज... माझा डोळा कधी लागला कळलंच नाही. तोल गेला, मी आधाराला जे हाताला येईल ते धरलं, आणि जाग आली तेव्हा उपरणं पिनेसकट माझ्या हातात होतं.

पिशवी सगळ्यांसमोर.

गुरुजी थांबले. दीर, जाऊबाई, शेजारच्या दोघी, कुणी हलेना. मंदारने दोन्ही हातांनी पोट झाकलं. "आई, मी उठतो. मला हे असं... देवाला हात नाही लावायचा." त्याचा चेहरा बघवत नव्हता. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

आमच्या सासूबाई म्हणजे सोवळ्याच्या बाबतीत भयंकर कडक. त्या उठल्या. माझ्या हातातून उपरणं घेऊन त्याच्या खांद्यावर टाकलं.

"बस खाली. अरे, सगळ्यांच्याच पोटात तेच असतं. तुझं दिसतं, एवढंच. गुरुजी, चालू द्या."

मंदारने डोळे पुसले आणि मूर्तीला दूर्वा लावल्या.

पूजा आटपल्यावर सासूबाईंनी मला आतल्या खोलीत बोलावलं. आता बोलणी खावी लागणार म्हणून मी मान खाली घालून उभी. तर म्हणाल्या, "किती दिवसांत झोपली नाहीस गं?" मला रडूच फुटलं.

"ती पिशवी कशी बदलायची ते मला दाखव."

"आई, नको ना यार..." मंदार दारातून पुटपुटला.

"गप रे. लहानपणी तुझं सगळं मीच काढलंय."

मग दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं, दोन प्रश्न विचारले. नंतर मला उशी दिली आणि दार ओढून घेतलं.

संध्याकाळी म्हणे जोरात आरती झाली. अख्खी आळी जमली होती, टाळ काय, झांजा काय... मला काहीही ऐकू आलं नाही.

जाग आली तेव्हा बाहेर अंधार पडला होता. दाराबाहेर सासूबाईंचा दबका आवाज येत होता, "भरली का रे, बघू? लाजतोस काय! चल, मी करते... तिला हाक मारू नकोस."

मी जागीच होते. पण उठले नाही.