आईच्या आवाजाची दोन मिनिटं

मंडळी, आज भाषाविज्ञानाच्या तासाला माझीच परीक्षा झाली आणि मी नापास झालो.

अमरावतीत कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मी हा विषय शिकवतो. सुरुवातीलाच ठासून सांगतो की कुठलीच बोली अशुद्ध नसते. मग गृहपाठ देतो: घरातल्या कोणाचंही पाच मिनिटांचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करून आणा.

आज भातकुलीहून येणाऱ्या एका मुलीने तिच्या आईचं रेकॉर्डिंग लावलं. बाई तुरीची डाळ कशी करतात ते सांगत होत्या, पण टीव्हीवरच्या बातम्यांसारखं. एकेक शब्द जपून. दोनच मिनिटांत थकल्या. "बंद कर वं ते. तुहे सर म्हनतीन, इच्या मायले बोलताच येत नाई."

वर्ग हसला. मीही हसलो, खोटं कशाला सांगू.

मग विचारलं, "आईला असं कोणी सांगितलं गं?"

ती खाली बघत म्हणाली, "मीच, सर. ॲडमिशनच्या दिवशी तुमी मले सगळ्यांसमोर टोकलं होतं, 'नीट मराठीत बोल' म्हनून. मंग म्या घरी मायले टोकनं सुरू केलं."

मला तो दिवस आठवतसुद्धा नाही. आणि मी कोण? अकोल्याचा, घरी 'काहून बे' म्हणणारा माणूस!

उद्या त्या बाईंना फोन करून माफी मागायची आहे. पण सरांचा फोन म्हटल्यावर त्या पुन्हा बातम्यांसारखंच बोलतील.

काय करू, सांगा.