उस्तादाचा चहा

साबण जळाल्याचा वास आला की हिंगोलीतलं ते पत्रेकामाचं दुकान आठवतं आणि डोकं सणकतं. मी बिनपगारी राबायचं, उस्तादानं हुनर शिकवायचं, असा आमचा सौदा होता. एका जमीनदाराच्या जुन्या विमानाचं नाक नव्यानं घडवायला आलं होतं. मी ठोकलेला ॲल्युमिनियमचा पत्रा दरवेळी तडकायचा. "हात हाय का खूर?" म्हणत उस्ताद हसायचा आणि स्वतःचा पत्रा तापवताना मला चहाला पिटाळायचा. एकदा मी दाराआडच थांबलो. त्यानं पत्र्याला साबण चोळला, साबण काळा पडला की ताप पुरे, हे ओळखून आच थांबवली, आणि पत्रा कातड्यासारखा वाकला. मी आत शिरलो. "काहून लपवून राहिले, उस्ताद? सौदा बराबर पाळा." "सारंच शिकवलं तर मला कोण इचारील? चल, निघ!" मी त्याच्या दुकानासमोरच माझी भट्टी मांडली आणि येईल त्याला ती युक्ती दाखवली. पुढं उस्ताद वारला तेव्हा गल्लीनं दुकानं बंद ठेवली. माझा हातोडा चालू होता. आजही मला त्याचं वाईट वाटत नाही.