सुटली म्हणा

नीरजा खर्चेला आयुष्यात पहिली लाज वाटली ती स्वतःच्या जिभेची. धामणगाव बढ्याच्या भालचंद्र गुरुजींची ही मुलगी फिजिओथेरपी शिकायला पुण्याला गेली, आणि पहिल्याच आठवड्यात वसतिगृहाच्या जेवणघरात "मले पोळी नको" म्हणून बसली. शेजारच्या दोघी ठसका लागेपर्यंत हसल्या. त्या दिवसापासून नीरजाचं मले-तुले बंद. पुण्याचं बोलणं तिनं असं काही अंगी लावून घेतलं, की सुट्टीत घरी आली तर सख्खी आई तिच्याशी जपून बोलायची.

तिथवर ठीक होतं. त्या वयात कोण असं करत नाही? पण शेवटच्या वर्षाला दवाखान्यात मोताळ्याकडची एक म्हातारी आली. लेकाकडे पुण्याला आलेली, खांदा धरलेला, आणि काय होतंय ते आपल्या बोलीत घडाघडा सांगत सुटलेली. सरांना अर्धंमुर्धंच कळेना. त्यांनी पोरांकडे पाहून विचारलं, "बुलढाण्याकडचं आहे का रे कुणी?" नीरजानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. सरांनी अंदाजपंचे शेकाचं मशीन लावलं आणि म्हातारीला वाटेला लावलं. जाताना ती नीरजाशेजारून गेली आणि आपुलकीनं म्हणाली, "येतो वं माय." कुणाला म्हणाली, तिलाच ठाऊक. नीरजाच्या मात्र ते कानात राहिलं.

लाजेवर माणसं काय काय उभं करतात! कुणी देऊळ बांधतं, कुणी अन्नछत्र घालतं. नीरजानं त्या लाजेवर करिअर उभं केलं. रुग्णाची बोली, त्याची रीतभात, त्याचा धर्म ओळखून उपचार कसा करावा, हाच तिनं अभ्यासाचा विषय घेतला. पुण्याची नोकरी सोडून आपल्या जिल्ह्यातल्या एका फिजिओथेरपी कॉलेजात शिकवायला आली. रोजा असलेल्या बाईला व्यायाम कुठल्या वेळेला द्यावा, सासरे समोर असताना सुनेच्या खांद्याला हात लावण्याआधी काय विचारावं, असल्या गोष्टी ती पोरांना तळमळीनं शिकवायची. परक्या पुस्तकांतल्या व्यायामांना तिनं घरची नावं दिली. भिंतीवर बोटं एकेक करून वर सरकवायची, हात वर वर न्यायचा, त्या व्यायामाला तिनं 'मुंगी' म्हटलं. बाया हसायच्या आणि करायच्या. संशोधनातली नीती हा विषयही कॉलेजनं तिच्याकडेच दिला, कारण त्यावर बोलताना तिचे डोळे भरून येतात, असं प्राचार्यांचं मत होतं.

आता वडनेर भोलजीची गोष्ट.

प्राध्यापकपदासाठी नीरजाला एक मोठा अभ्यास हवा होता. खांदा आखडलेल्या बाया तिनं वडनेरमध्ये गोळा केल्या. चिठ्ठ्या टाकल्या. निम्म्या बायांना मुंगी आणि बाकीचे व्यायाम, निम्म्यांना नुसता गरम पाण्याच्या पिशवीचा शेक आणि दोन शब्द सल्ला. असं केल्याशिवाय गुण व्यायामानं आला की आपोआप, हे कळत नाही. त्यात पाप नाही. अभ्यास संपला की उरलेल्या बायांनाही व्यायाम शिकवायचा, या बोलीवरच कॉलेजच्या समितीनं परवानगी दिली होती, आणि ती बोली नीरजानंच घातली होती.

जनकाबाईची चिठ्ठी व्यायामाची निघाली. विधवा, रोजमजुरीला जाणारी, खणखणीत आवाजाची बाई. तिच्या भिंतीला भिंत लागून नजमुन्निसाचं घर. तिचा नवरा गफ्फार बाजारोबाजार बांगड्या विकायचा आणि घरातलं बांगड्यांचं दुकान नजमुन्निसा सांभाळायची. तिला साखरेचा आजार, त्यात खांदा धरलेला. तिची चिठ्ठी शेकाची निघाली. दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या. नशीब म्हणाल्या आणि घरी गेल्या.

अभ्यास निम्म्यावर आला तेव्हा नीरजाच्या ध्यानात आलं, की शेकवाल्या नजमुन्निसाचा हात भलताच वर जायला लागलाय. एका दुपारी न सांगता ती वडनेरला जाऊन थडकली. नजमुन्निसाच्या घरात, बांगड्यांच्या तोरणांशेजारी निळ्या भिंतीवर नजमुन्निसाची बोटं चढत होती आणि जनकाबाई मागे उभी राहून ओरडत होती, "चढव वं मुंगी, चढव! काऊन थांबली?" बोटं जिथं थांबली तिथं तिनं कोळशानं रेघ ओढली.

नीरजाचं डोकं फिरलं. "मावशी, हे काय? यांना शिकवायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

जनकाबाई काही घाबरली नाही. "हाव, सांगतलं होतं. पन म्या इथं चढवू अन् ईनं बाजूले बसून पाहत राहावं? पंगतीत एकीले वाढाचं अन् दुसरीले नुसतं पान मांडून ठेवाचं, हे कसं करावं मॅडम?"

पंक्तिप्रपंच! आपल्याकडे याहून ओशाळवाणी गोष्ट नाही. नीरजालाही ते झोंबलं. पण आधीच बाया कमी, त्यात या दोघी वगळायच्या तर अभ्यासाचा पायाच खचायचा. सरळ वाट होती, दोघींना वगळावं आणि का वगळलं ते खुल्या मनानं लिहावं. पण प्राध्यापकपदाची मुलाखत डोळ्यांसमोर दिसत होती.

इथंच नीरजाचं शिक्षण कामाला आलं. आपली माणसं तिला चांगली ठाऊक होती. समजावून ही बाई ऐकणार नाही, कागदावर सही घेतली तरी ऐकणार नाही. कशानं ऐकेल ते नीरजाला माहीत होतं. ती जनकाबाईला तिच्या घरी घेऊन गेली. भिंतीवर शेगावच्या महाराजांची तसबीर होती. कितीतरी वर्षांनी नीरजाची जीभ सैल सुटली. "मावशे, तुले महाराजांची शपथ हाय. मी सांगेपर्यंत नजमाखालाले मुंगी शिकवू नको. माह्या नोकरीचा सवाल हाय वं."

गुरुजींची पोरगी आपल्या बोलीत शपथ घालते म्हटल्यावर जनकाबाई नरमली. तसबिरीकडे पाहून तिनं हात जोडले. "बरं. तुमी सुटली म्हनसान तवाच."

गाडीत बसताना नीरजाला आपलं कौतुक वाटलं होतं. हो, कौतुक! पुढं लाजेनं तिचा जीव खाल्ला तो याच आठवणीपायी.

अभ्यास पार पडला. व्यायामवाल्या आणि शेकवाल्या बायांत लख्ख फरक दिसला. शोधनिबंध छापून आला, त्यात मुंगीचं नाव आलं, प्राध्यापकपद आलं. उरलेल्या बायांना शिकवायला जायचं होतं, तेव्हा परीक्षा होत्या. मग कॉलेजची तपासणी आली. मग दिल्लीची परिषद. मग जायचंय हेच मागं पडलं. शपथ घालायला जिभेला क्षण पुरला आणि सोडवायला सवड मिळेना.

वर्ष उलटून गेलं. पुण्याहून, ज्या कॉलेजात तिनं मान खाली घातली होती तिथूनच, व्याख्यानाचं बोलावणं आलं. विषय होता रुग्णाची संस्कृती आणि संशोधकाची नीती. नीरजानं ठरवलं, जनकाबाईचा वर जाणारा हात मोबाईलवर टिपायचा आणि व्याख्यानाची सुरुवात त्यानंच करायची. एका सकाळी ती वडनेरला आली.

जनकाबाई घरी नव्हती. शेजारून आवाज आला म्हणून नीरजा नजमुन्निसाच्या दारात गेली. नजमुन्निसा खाली बसली होती आणि जनकाबाई तिच्या केसांतून फणी फिरवत होती. बांगड्यांची तोरणं पूर्वी भिंतीवर उंच असायची. आता ती पार खाली, बसल्या हाताला लागतील अशी बांधली होती.

"या मॅडम, या!" नजमुन्निसा मनापासून खूश झाली. "आज कशी आठवन आली? बसा. हात वर जात नाई तं वेनी जनकाबाईच घालते माही. दोन पोरींच्या वेन्या घातल्या म्या, अन् आता पाहा!" आणि ती हसली.

नीरजाच्या हातातला मोबाईल तसाच राहिला. "मावशी," ती जनकाबाईला म्हणाली, "तुम्ही शिकवलं नाही यांना? पुन्हा?"

"कसं शिकवू?" जनकाबाईनं फणी थांबवली. "तुमी शपथ घातली होती ना. सुटली कुठं म्हटलं तुमीनं?"

"पण मावशी, अभ्यास तर केव्हाच संपला!"

"ते आमाले कोनं सांगतलं?"

ना राग, ना टोमणा. विचारल्यासारखं विचारलं. नीरजाला वाटलं, हिनं शिव्या द्याव्यात. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं म्हणतात ते तिला त्या दारात कळलं. मनातल्या मनात ती पळवाट शोधायला लागली. साखरेच्या आजारात व्यायाम करूनही खांदा सुटत नाही पुष्कळदा. कदाचित सुटलाच नसता. पुस्तकात तसं आहे. हा विचार मनात आला आणि त्याची तिला आधीच्या सगळ्याहून जास्त लाज वाटली.

"खाला, तुम्ही तरी म्हणायचं होतं यांना," ती कशीबशी बोलली.

"मी काय म्हनू?" नजमुन्निसा म्हणाली. "तिच्या महाराजांची कसम होती. माह्या हातासाठी तिले कसम तोडाले लावू का? मी बी खुदाले मानते मॅडम. तिनं एकदा रडतच इचारलं, शिकवू का वं? मीच नाई म्हटलं."

जनकाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि एकदम व्यवहारी आवाजात म्हणाली, "आता आल्या हायती तं सुटली म्हना, मॅडम. मी मोकळी होतो."

नीरजानं तोंड उघडलं. शब्द केवढासा! पोरं खेळता खेळता दहादा म्हणतात.  मोठाल्या सभांत नीतीवर तास तास बोलणारी ही प्राध्यापिका, दोन बायांपुढं एका शब्दाला अडली. शेवटी बाहेर पडला तो फाटक्या आवाजात. "सुटली."

"अशी नाई. नाव घेऊन म्हना."

"महाराजांची शपथ सुटली, मावशे." आणि तिला रडू फुटलं.

जनकाबाईला रडण्याशी देणंघेणं नव्हतं. तिनं फणी खाली टाकली, अर्धी वेणी तशीच सोडली आणि नजमुन्निसाला उठवून भिंतीपाशी नेलं. भिंत नवी रंगवलेली होती, ईदला हिरवा रंग दिलेला. पण खोलीतला एक चौकोन जुन्या निळ्या रंगाचाच राहिला होता. त्यात कोळशाची रेघ होती. रंगवणाऱ्यानं विचारलं होतं, ही घाण कशाला ठेवता? नजमुन्निसानं सांगितलं होतं, राहू दे, कसम सुटली की इथून पुढं चढवायचं आहे.

"चढव वं," जनकाबाई म्हणाली.

बोटं निघाली. नीरजाच्या अनुभवी डोळ्यांना पहिल्या सरकण्यातच सगळं समजलं. हात खांद्याच्या रेषेत आला आणि अडला. नजमुन्निसाचे ओठ दुखण्यानं पांढरे पडले. तिनं जोर केला, अंग वाकडं केलं. बोटं निळ्या चौकोनापर्यंतसुद्धा पोचली नाहीत. खाली हिरव्या रंगावर थांबली.

जनकाबाईनं चुलीतला कोळसा आणला होता. तो हातात धरून ती त्या हिरव्या भिंतीकडे बघत राहिली. एवढ्या खाली रेघ कशी ओढावी, तिला समजेना.

नजमुन्निसाच सावरली. हात खाली घेऊन दुसऱ्या हातानं चोळत तिनं नीरजाकडे पाहिलं आणि सगळ्यांचं वाईट वाटणं निवावं अशा सुरात म्हणाली, "होईल हळूहळू. चिठ्ठी तं निंघाली माही शेवटी. नशिबात उशिरा होती, उशिरा निंघाली."

तेवढं मात्र नीरजाला सोसलं नाही. यात नशीब आणू दिलं तर ती सुटली असती, आणि सुटायचं तिला नव्हतं.

"चिठ्ठी निंघाचीच नव्हती, खाला," ती म्हणाली. "अभ्यास संपला का समद्यांले शिकवाचं ठरलंच होतं. फक्त मले याचं होतं. मी आली नाई."

नजमुन्निसाचा चोळणारा हात थांबला. तिचा चेहरा हळूहळू बदलला. तो बदलताना नीरजानं मान खाली घातली नाही, एवढंच तिनं त्या दिवशी केलं. मग नजमुन्निसा नजर वळवून म्हणाली, "बसा. चहा करते."

चहाचा डबा वरच्या फळीवर होता. जनकाबाईनं हात उंच करून तो काढून दिला.