ढोलीसमोरची खाट

साठ सालच्या आसपासची गोष्ट. आमच्या लग्नाला तिसरं वर्ष होतं. फाल्गुनात राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, फांद्या तोडताना हे ऐनाच्या झाडावरून पडले आणि नडगी मोडली. सिद्धगडाच्या पायथ्याकडून हाडवैद्य आला. बांबूच्या कामट्या बांधून म्हणाला, "दोन महिने पाय टेकायचा नाय."

घरात उकडायचं, म्हणून सासूबाईंनी आणि मी ह्यांची खाट परसात फणसाखाली टाकली. समोर जुना आंबा. पहिले आठ दिवस ह्यांनी आम्हाला नको नको केलं. पाणी गार नाही, कोंबड्या ओरडतात, एक ना दोन. बसून राहायची सवयच नव्हती त्यांना.

एका सकाळी हाक आली, "अगो, धावत ये!"

पिठाचे हात तसेच घेऊन मी धावले. आंब्याच्या ढोलीत धनेशाची मादी शिरली होती आणि आतून ढोलीचं तोंड लिंपत होती. आधीच निम्मं बुजलं होतं.

"अडकली ती. काठी घे, मोकळं कर."

सासूबाई मागून म्हणाल्या, "राहू दे रे. आपणच कोंडून घेते ती. अंडी घालायची हायेत तिला. नर भरवील."

दोन-तीन दिवसांत चोच जाईल एवढीच फट उरली. नर यायचा, फांदीला बिलगून मान झटकायचा आणि गिळून आणलेली उंबरं एकेक करून घशातून चोचीत काढायचा. आतून दुसरी चोच पुढे यायची. हे दिवसभर बघत पडायचे. चिडचिड कुठल्या कुठे गेली.

चैत्रात एकदा नर दुपारपर्यंत आलाच नाही. ह्यांनी ताटाला हात लावला नाही. ऊन कलल्यावर तो आला, चोचीत सरडा. फटीतून सरडा आत गेलेला पाहिला, तेव्हा ह्यांनी भाकरी मोडली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "तू जेवलीस?"

तीन वर्षांत ह्यांनी असं कधी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "तुमचं झालं की जेवते."

"तुझं ताट हिकडंच आण."

भरदिवसा, सासूबाईंच्या देखत, नवऱ्यासमोर बसून जेवायचं? मी लाजून उभीच राहिले. सासूबाई तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "उन्हात नको बसू, गो," एवढंच म्हणाल्या. मी फणसाच्या सावलीत ताट घेतलं. ह्यांनी आपल्या पानातली सुकटीची चटणी माझ्या पानात सरकवली. त्या दिवसापासून आम्ही तिथेच जेवू लागलो.

वैशाखात कामट्या सुटल्या. हे काठी टेकत आंब्यापर्यंत जाऊ लागले, त्याच सुमारास मादी लिंपण फोडून बाहेर आली. पिसं विस्कटलेली, उडणंही धड जमेना. कुंपणावर बराच वेळ बसली आणि मग नराबरोबर उंबराकडे गेली.

आणि ढोलीतली पिल्लं आतून पुन्हा फट लिंपू लागली!

"बघ, बघ! पोरांनी दार लावून घेतलं!" हे एवढ्या मोठ्याने हसले की सासूबाई हातातलं सूप टाकून बाहेर धावत आल्या. थोड्या वेळाने दोन्ही धनेश परतले, दोघांच्याही चोचीत खाऊ होता.